खेळू द्या, पण डोकं सांभाळा

  कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी भांडी घासत असेल, तर काम चालू द्या, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा.

आजचा विषय फुटबॉलचा आहे. गटाच्या कार्यक्रमात फुटबॉल कुठून आला, असं काही जणींना वाटेल. पण शाळेच्या मैदानावर आता आपली मुलं फुटबॉल खेळतात, आणि मुलीही खेळतात. कोल्हापुरात तर पेठापेठांतल्या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलेत. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. २०२२ मध्ये मुलींचा विश्वचषक झाला, त्याचे सामने नवी मुंबईत, मडगावात आणि भुवनेश्वरला झाले. टीव्हीवर ते बघून किती पोरींनी घरी बुटाचा हट्ट धरला असेल!

या खेळाबद्दल आया एक प्रश्न हमखास विचारतात. पायाने मारतात ते ठीक, पण डोक्याने चेंडू मारतात, त्याने डोक्याला काही होत नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. परदेशात या प्रश्नाचं उत्तर मिळायला कितीतरी वर्षं गेली, आणि ते मिळवण्यात खेळाडूंच्या बायकांचा आणि मुलींचा मोठा वाटा आहे. म्हणून हा विषय आम्ही आपल्या गटांसाठी निवडला.

इंग्लंडमध्ये जेफ ॲस्टल नावाचा खेळाडू होता. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबकडून तो १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं खेळला. १९६८ साली एफए कप या तिथल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकच गोल झाला आणि तो त्याने मारला. लोक त्याला 'किंग' म्हणायचे, म्हणजे राजा. डोक्याने चेंडू मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सामन्यात मारायचा आणि सरावातही पुन्हा पुन्हा मारायचा. तेव्हाचा चेंडू चामड्याचा असायचा. पावसात, चिखलात तो पाणी पिऊन जड व्हायचा.

खेळ सुटला, संसार नीट चालला होता. पण पन्नाशी उलटल्यावर जेफ बदलू लागला. विसरायला लागला. हळूहळू घरच्यांची ओळख पुसट झाली. शेवटी शेवटी तर आपण कधी फुटबॉल खेळलो होतो हेही त्याला आठवत नव्हतं. सगळं गाव ज्याला खेळासाठी ओळखतं, त्यालाच तो खेळ आठवत नाही. २००२ च्या जानेवारीत, मुलीच्या घरी, घशात घास अडकून तो गेला. वय होतं ५९.

त्या देशात असा मृत्यू झाला की कारण शोधायला एक अधिकारी असतो, त्याला कोरोनर म्हणतात. मेंदूची तपासणी झाली. वर्षानुवर्षे ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्याच्या मेंदूसारखी हानी त्यात दिसली. नोव्हेंबर २००२ मध्ये कोरोनरने मृत्यूचं कारण लिहिलं: औद्योगिक आजार. म्हणजे कामामुळे जडलेला आजार. खाणीतल्या मजुराच्या फुप्फुसात धूळ बसते, गिरणीत काम करणाऱ्याच्या छातीत कापसाचे कण जातात, तसाच डोक्याने चेंडू मारण्याच्या कामामुळे झालेला आजार.

आता इतकं स्पष्ट लिहिल्यावर फुटबॉल चालवणाऱ्या संस्थांनी तातडीने पावलं उचलायला हवी होती. तसं झालं नाही. संशोधन करू, असं सांगितलं गेलं, पण वर्षं गेली आणि त्यातून काही हाती लागलं नाही. जेफची बायको लॅरेन आणि मुलगी डॉन गप्प बसल्या नाहीत. २०१४ साली एका डॉक्टरांनी जेफचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला. त्यांचं नाव विली स्टुअर्ट. त्यांनी त्या आजाराचं नेमकं नाव सांगितलं: सीटीई. नाव लांबलचक आहे, 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी', त्याची ही तीन अक्षरं. अर्थ एवढाच, की डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदूची हळूहळू होत जाणारी झीज.

त्या वर्षी जेफच्या क्लबच्या सामन्यांत एक गोष्ट घडायची. नववा मिनिट आला की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे, कारण जेफच्या बनियनवर नऊ आकडा असायचा. मागणी एकच होती, जेफला न्याय द्या. पुढच्या वर्षी घरच्यांनी त्याच्या नावाने संस्था काढली. मग इतर घरांतून फोन येऊ लागले, आमच्या यांनाही असंच झालंय, आमच्या बाबांनाही असंच झालंय. गटात एक बाई बोलली की दुसरीला बळ येतं, हे तुम्हाला आम्ही नव्याने सांगायला नको.

पण चार घरांत घडलं म्हणून ते सगळीकडे खरं, असं म्हणता येत नाही. म्हातारपणी विसरायला तर कितीतरी जणांना होतं. म्हणून मोजणं गरजेचं होतं. विली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ते केलं. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेले ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू घेतले. त्यांच्या जोडीला त्याच वयाची, तशाच वस्तीतली २३,०२८ साधी माणसं घेतली. कोण कशाने गेलं याच्या नोंदी ताडून पाहिल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये इतरांच्या साडेतीन पट निघालं.

पुढच्या तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. गोलरक्षक हाताने चेंडू धरतो, डोक्याने क्वचित मारतो. गोलरक्षकांना हा धोका इतर माणसांपेक्षा फारसा जास्त नव्हता. बचाव फळीतले खेळाडू लांबून आलेले उंच चेंडू सारखे डोक्याने परतवतात. त्यांना धोका सगळ्यांत जास्त, जवळजवळ पाच पट. आणि जो जितकी जास्त वर्षं खेळला, त्याला तितका जास्त धोका. काही लोक म्हणायचे, जुना चामड्याचा चेंडू जड होता, आताचा तसा नाही. पण अलीकडे जन्मलेल्या खेळाडूंमध्येही धोका कमी झालेला दिसला नाही. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन आजही ४१० ते ४५० ग्रॅम असतं. जवळजवळ अर्धा किलो. तो वेगाने येतो तेव्हा धक्का बसतोच.

१९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. अंतिम सामना खेळलेल्या त्या अकरा जणांपैकी पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला: रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्लटन भाऊ, जॅक आणि बॉबी. ज्या संघाचे फोटो लोकांनी भिंतीवर लावले, त्यांतल्या पाच घरांत बायकामुलांनी काय सोसलं असेल, याचा विचार करा.

आता हे आत घडतं कसं ते पाहू. ताक घुसळून निघालेला लोण्याचा गोळा आपण पाण्यात ठेवतो. समजा, झाकणाचा स्टीलचा डबा आहे, आत पाणी आहे आणि पाण्यात लोणी. डबा जोरात हलवला आणि एकदम थांबवला, तर डब्याला पोचाही येत नाही, पण लोणी आतल्या आत आपटतं, चेपतं. आपली कवटी म्हणजे तो डबा. मेंदू जवळपास तितकाच मऊ असतो आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. म्हणून डोकं फुटलं नाही, रक्त आलं नाही, टेंगूळसुद्धा आलं नाही, तरी आत धक्का पोचलेला असू शकतो.

मेंदूच्या पेशींना शेवयांपेक्षाही कितीतरी बारीक, लांब तंतू असतात. त्या तंतूंना आतून आधार देणारा एक पदार्थ असतो, त्याला टाउ म्हणतात. मांडवाला बांबूचे टेकू असतात तसे समजा. धक्क्यांनी हे टेकू निसटतात आणि त्यांचा गुंता होतो. सुरुवातीला हा गुंता बारीक रक्तवाहिन्यांभोवती, मेंदूच्या घड्यांच्या खोल भागात साचतो. मग खेळ बंद झाल्यावरही, वर्षानुवर्षे, तो पसरत राहू शकतो. म्हणून मार बसतो विशीत आणि त्रास दिसतो चाळिशीत, पन्नाशीत, साठीत.

आपल्या गटात आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. आठवड्याचे थोडे थोडे पैसे टाकले की वर्षाअखेर रक्कम उभी राहते. डोक्याचंही तसंच आहे, पण उलटं. एक धक्का बसला, दोन मिनिटं चक्कर आली, उठून पुन्हा खेळला. पुन्हा बसला. प्रत्येक वेळी घरी सांगण्यासारखं काही नसतं. कधी तर चक्करही येत नाही. पण आत जमा होत राहतं.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा आहे. तिथे चेंडू लांबट असतो, हातात धरून पळतात आणि धिप्पाड माणसं एकमेकांवर जाऊन आदळतात. डोक्यावर जाड हेल्मेट असतं. हेल्मेट आहे म्हणजे काळजी नाही, असं सगळ्यांना वाटायचं. हेल्मेटमुळे कवटी फुटत नाही हे खरं. पण डब्याला गोधडी गुंडाळली तरी आतलं लोणी हलायचं ते हलतंच.

तिथला माइक वेबस्टर हा नावाजलेला खेळाडू. पिट्सबर्गच्या संघाने चार वेळा तिथली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा तो त्यात होता. सतरा हंगाम खेळला. नंतर त्याची आठवण गेली, झोप गेली, पैशाचा व्यवहार कळेना, संसार मोडला. काही काळ तो आपल्या गाडीत झोपायचा. २००२ मध्ये, पन्नासाव्या वर्षी तो गेला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू हे नायजेरियातून आलेले. वरून पाहता मेंदू साधाच दिसत होता. पण इतक्या धडधाकट माणसाची अशी अवस्था का झाली, हा प्रश्न त्यांना सोडेना. त्यांनी स्वतःच्या पैशाने मेंदूच्या पातळ चकत्या तपासून घेतल्या आणि त्यात टाउचा गुंता सापडला. २००५ मध्ये त्यांनी ते छापलं. खेळ चालवणाऱ्या मंडळाच्या डॉक्टरांनी लेख मागे घ्या म्हणून मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही. आणि २०१६ मध्ये त्या मंडळाच्याच एका अधिकाऱ्याने मान्य केलं, की हो, या खेळाचा आणि आजाराचा संबंध आहे.

याच देशातली सिल्व्हिया मॅकी. तिचा नवरा जॉन मॅकी हाही मोठा खेळाडू होता. त्याच्या बनियनवर ८८ आकडा असायचा. त्याला स्मृतिभ्रंश झाला. तगडा माणूस, पण त्याला समजावणं, आंघोळ घालणं, बाहेर नेणं, सगळं तिच्यावर. खेळाची पेन्शन पुरत नव्हती. घराला आरोग्य विमा मिळावा म्हणून तिने उतारवयात विमानात हवाई सुंदरीची नोकरी धरली. २००६ साली तिने खेळाच्या मंडळाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. घरात रोज काय चालतं ते स्पष्ट लिहिलं. एका बाईचं एक पत्र. पण त्यातून पुढच्याच वर्षी माजी खेळाडूंसाठी योजना सुरू झाली. स्मृतिभ्रंश झालेल्या खेळाडूला सांभाळण्यासाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत मदत. योजनेला नाव दिलं '८८', तिच्या नवऱ्याच्या आकड्यावरून. २०११ मध्ये जॉन गेला. त्याच्याही मेंदूत सीटीई सापडला.

बॉस्टन इथे डॉक्टर ॲन मकी या बाई हा आजार अभ्यासतात. घरच्यांनी दान दिलेले मेंदू त्यांच्याकडे येतात. २०१७ मध्ये त्यांनी या अमेरिकी फुटबॉलच्या २०२ खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी छापली. १७७ जणांत सीटीई सापडला. त्यांतले १११ जण सर्वांत वरच्या पातळीवर खेळलेले होते, आणि त्या १११ पैकी ११० जणांना तो होता.

हा आकडा ऐकून घाबरू नका. नीट समजून घ्या. मेंदू दान कोण देतं? ज्यांच्या घरात माणसाला त्रास झाला तेच जास्त करून देतात. दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मोजलं, तर गाव सगळं आजारीच दिसेल. म्हणून हे आकडे सगळ्या खेळाडूंना लावायचे नाहीत. स्कॉटलंडच्या मोजणीतही मेंदू झिजण्याच्या आजाराने मृत्यू असं मुख्य कारण लागलेले खेळाडू शंभरात दोनसुद्धा नव्हते, १.७ टक्के. साध्या माणसांत ते ०.५ टक्के होते. धोका साडेतीन पट वाढला हे खरं, आणि बहुतेक खेळाडूंना हा आजार कारणीभूत ठरला नाही हेही खरं. उलट, हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी गेले. खेळाने शरीर बळकट होतं ते होतंच.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण आजचं बोलणं ऐकून उद्या कुणी म्हणेल, बघा, रेडिओवर सांगितलं, पोरींनी खेळू नये. आपल्याकडे मुलीला मैदानावरून घरी आणायला निमित्त लागत नाही, त्यात हे एक आयतं मिळेल. तसं करू नका. खेळणारी मुलगी धीट होते, चार गावं बघते, शाळेत टिकते. दोष खेळाचा नाही. डोक्याला बसणारे धक्के मोजले गेले नाहीत, कुणी थांब म्हटलं नाही, दोष त्याचा आहे. आणि ते बदलता येतं.

इतरांनी काय बदललं ते ऐका. अमेरिकेत २०१५ मध्ये ठरलं, की आपण खेळतो त्या फुटबॉलमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी डोक्याने चेंडू मारायचा नाही. २०२० मध्ये स्कॉटलंडने आणि इंग्लंडने ठरवलं, की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेड मारायला लावायचं नाही. स्कॉटलंडमध्ये आता मोठे व्यावसायिक खेळाडूसुद्धा सामन्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हेडचा सराव करत नाहीत. खेळ थांबला का? नाही. पासिंग आहे, पळणं आहे, गोल आहेत.

मुलींच्या आयांनी आणखी एक लक्षात ठेवा. फुटबॉलमध्ये डोक्याला धक्का बसून त्रास होण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त दिसतं. आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात हेदर अँडरसन या खेळाडूच्या मेंदूत सीटीई सापडला. तो त्यांच्याकडचा वेगळा फुटबॉल, पण आजार हाच. व्यावसायिक महिला खेळाडूत हा आजार सापडल्याची ती पहिली नोंद. तिचं वय होतं २८. म्हणजे हा फक्त पुरुषांचा आजार नाही.

आता वही-पेन जवळ असेल तर घ्या. मूल खेळताना डोक्यावर आपटलं, कुणाच्या डोक्यावर डोकं आदळलं, तर काय करायचं?

पहिली गोष्ट. त्या दिवशीचा खेळ तिथेच बंद. मूल म्हणेल, मला काही झालं नाही. सर म्हणतील, पाच मिनिटं बसून खेळू दे. तरी नाही. शंका आली की थांबवायचं. कारण पहिला धक्का बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो जास्त घातक असतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, समोरचं धूसर दिसणं, तेच तेच विचारणं, काय झालं ते न आठवणं, गप्प गप्प होणं, ही धक्क्याची लक्षणं. बेशुद्ध पडलं नाही म्हणजे धक्का नाही, असं समजू नका.

दुसरी गोष्ट. काही लक्षणं दिसली तर घरी थांबायचंच नाही, १०८ ला फोन करायचा. सारख्या उलट्या होणं, फिट येणं, डोकेदुखी वाढत जाणं, उठवून न उठणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं. यात कांदा हुंगवत बसू नका, गदागदा हलवू नका, डोक्याला तेल चोळत बसू नका. मान दुखत असेल तर उगाच उचलू नका.

तिसरी गोष्ट. इतका त्रास नसला तरी डॉक्टरांना दाखवा. स्कॅन चांगला आला तरी धक्का बसलेला असू शकतो, कारण हा धक्का स्कॅनवर बहुधा दिसत नाही. पहिला दिवस-रात्र मुलाजवळ कुणीतरी मोठं माणूस असू द्या. आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हळूहळू शाळा, मग हळूहळू पळणं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सामना नाही.

चौथी गोष्ट, आणि ही गटाने करायची आहे. मुलाच्या वहीत नोंद ठेवा. कधी लागलं, कशाने लागलं, किती दिवस त्रास झाला. आपण कर्जाचा हप्ता तारखेनिशी लिहितो. डोक्याला लागलेल्या माराची तारीखही लिहू. मूल दुसऱ्या शाळेत गेलं, दुसऱ्या सरांकडे गेलं, तरी ही नोंद सोबत जाईल. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या गटाच्या बाया असतील, त्यांनी सरांना दोन गोष्टी विचाराव्यात: लहान मुलांना सरावात हेड मारायला लावता का, आणि डोक्याला लागलं तर घरी कळवता का? चांगलं बोलून विचारा. पीटीचे सर आपलेच असतात, बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. हे फुटबॉलपुरतंही नाही. कबड्डीच्या पकडीत डोकं आपटतं, गाडीवरून पडलं तरी तोच धक्का.

शेवटचे दोन मुद्दे मोठ्या माणसांबद्दल.

सीटीई जिवंतपणी नक्की सांगता येत नाही. तो मेल्यावर मेंदू तपासूनच कळतो. पण स्वभाव बदलणं, एकाएकी राग, संशय, उदासी, विसरणं, चालताना तोल जाणं, हे घरच्यांना दिसतं, आणि सगळ्यांत आधी घरातल्या बाईला दिसतं. आपल्याकडे लगेच म्हणतात, बाहेरचं झालंय, करणी आहे. किंवा बाईलाच म्हणतात, तुला नवरा सांभाळता येत नाही. असं कुणाच्या घरात असेल, मग तो जुना पैलवान असो, खेळाडू असो किंवा गाडीवरून पडलेला असो, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे जिल्हा रुग्णालयात मेंदूच्या किंवा मानसिक आजाराच्या डॉक्टरांकडे न्या. सीटीई बरा करणारं औषध आज नाही, पण झोप, राग, उदासी यांवर उपचार आहेत. आणि विसरण्याची काही कारणं औषधाने बरी होतात, ती तपासल्याशिवाय कळत नाहीत. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर आहे १४४१६. सांभाळणारी बाई थकली असेल तर तिनेही या नंबरवर बोलावं.

दुसरा मुद्दा बोलायला जड आहे. डोक्यावरचा मार मैदानातच बसतो असं नाही. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका बाईच्या मेंदूबद्दल छापून आलं. तिने नवऱ्याचा मार वर्षानुवर्षे खाल्ला होता, आणि तिच्या मेंदूत मुष्टियोद्ध्यासारखी हानी सापडली होती. मेंदूला चेंडू कळत नाही, ठोसा कळत नाही, भिंत कळत नाही, त्याला फक्त धक्का कळतो. 'दोन थापडा मारल्या, रक्त थोडंच आलं' असं म्हणणाऱ्याला हे सांगा. आणि गटातली एखादी मैत्रीण सारखं डोकं दुखतं, विसरायला होतं म्हणत असेल, तर तिला एकटीला गाठून हळूच विचारा. मदतीचा नंबर १८१. जीवावर बेतलं तर ११२.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी आजचे नंबर लिहून घ्यावेत: १०८, १४४१६, १८१, ११२. आशाताईंनाही बोलवा, लक्षणं त्या आणखी नीट समजावतील. तुमच्या गावात सरांशी काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा, चांगलं असेल ते याच कार्यक्रमात सगळ्यांना सांगू.

आणि हो, संध्याकाळी पोरगी मैदानावर जायला निघाली तर अडवू नका. बुटाची नाडी बांधली का ते बघा, आणि डोक्याला काही लागलं तर घरी येऊन सांगायचं, रागावणार नाही, एवढं तिला सांगून ठेवा.

नमस्कार.